विमान थांबत नाही

पा बुनमीला मी हसताना फार कमी वेळा पाहिलं. चिडलेली मात्र जवळजवळ रोज पाहिली. झाडांची पानं उडवायच्या यंत्रावर चिडलेली, ताटात भात टाकणाऱ्या पोरांवर चिडलेली, पत्रपेटीत येणाऱ्या जाहिरातींवर चिडलेली. परदेशातल्या आमच्या या अ‍ॅशबर्नमध्ये अंगणात हरीण आलं की लोक फोटो काढतात. ही चप्पल घेऊन त्याच्यामागे धावली होती, कारण त्याने तिची मिरचीची रोपं खाल्ली होती.

आमच्या घरांच्या रांगेत दोन घरं सोडून ती मुलाच्या घरी राहायची. मुलगा कामासाठी कायम बाहेरगावी, त्यामुळे घर तिचंच. मूळची लाओसची. उंची माझ्या खांद्याएवढी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बारा महिने कमरेला घोट्यापर्यंतचं काठाचं लाओ लुगडं. थंडी पडली की त्याच्या आत लोकरीची विजार चढायची, पण लुगडं सुटायचं नाही. लाओ भाषेत आईवडिलांच्या थोरल्या बहिणीला 'पा' म्हणतात. मी आधी तिला मावशी म्हणायचे. तिने विचारलं, "मावशी म्हणजे कोण?" आईची बहीण, मी सांगितलं. "थोरली की धाकटी?" तसा फरक आम्ही करत नाही म्हटल्यावर ती वैतागली. "मग भांडण झालं की कोणी कोणाचं ऐकायचं?" त्या दिवसापासून मी पा म्हणू लागले आणि ऐकूही लागले.

आमचं बोलणं इंग्रजीतून चालायचं. तिचं तोडकंमोडकं, माझं नागपुरी वळणाचं. इथे ते मराठीतच लिहिते आहे.

ओळख झाली तीसुद्धा भांडणाच्या तयारीनेच. एका सोमवारी सोसायटीकडून मला पत्र आलं की तुमच्या घरातून उग्र वास येत असल्याची तक्रार आहे. आदल्या दिवशी मी सुकट भाजली होती. पत्र वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. नागपुरात खोली भाड्याने शोधताना "तुम्ही खाता काय?" हा प्रश्न मी किती दारांत ऐकला, आणि त्या प्रश्नाखाली दुसरा कोणता प्रश्न असतो तेही मला लहानपणापासून ठाऊक आहे. सात समुद्र ओलांडून आले तरी तो प्रश्न सोसायटीच्या कागदावर माझ्या आधी पोचलेला. मी तो कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते, तेवढ्यात कोणीतरी दार वाजवलं नाही, बडवलं. बाहेर ही. एका हातात तसंच पत्र, दुसऱ्या हातात आंबवलेल्या माशांची बरणी.

"तू लिहिलंस?"

मी माझं पत्र तिच्यापुढे धरलं. तिने दोन्ही पत्रं शेजारी शेजारी लावून वाचली, मग घरात नाक खुपसून वास घेतला. "काय भाजलंस?" मी सुकट दाखवली. तिने चिमूटभर तोंडात टाकली, चावली, मान हलवली. पुढच्या रविवारी आम्ही दोघींनी तिच्या घरात मिळून मासे भाजले आणि पंखा खिडकीकडे तोंड करून लावला. सोसायटीचं दुसरं पत्र काही आलं नाही.

तीस वर्षं तिने विमानतळाजवळच्या एका मोठ्या स्वयंपाकघरात काम केलं. विमानात आपल्यापुढे जो जेवणाचा ट्रे येतो, तो ती भरायची. कोंबडी डावीकडे, पाव उजवीकडे, चमचे वर, लोणी कोपऱ्यात. कोणाचा हात जरा रेंगाळला की ही ओरडायची, "विमान थांबत नाही!" नोकरी सुटली पण ते वाक्य सुटलं नाही. माझ्या मुलीची, मैत्रीची, शाळेची बस असो की माझा कुकर असो, तिचं आपलं हेच. माझ्या घरी जेवायला आली की आधी सगळ्यांच्या ताटातल्या वाट्या सरळ करायची. वाटी चुकीच्या बाजूला असली तर तिला घास गिळवत नसे.

हे वाक्य तिने एकदा आमच्या अख्ख्या समाजाला ऐकवलं. इथे आम्हा आंबेडकरी मंडळींचं स्वतःचं विहार नाही. गावाबाहेर लाओ लोकांचं एक आहे, शेतावरच्या जुन्या घराला सोनेरी कमान लावलेलं. बुद्धपौर्णिमेला ते आम्हाला सभागृह देतात. अट एकच, की बारा वाजायच्या आत भंतेंचं, म्हणजे भिक्षूंचं, जेवण झालं पाहिजे, कारण बारानंतर ते दिवसभर काही खात नाहीत. ही अट आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि आमच्यातला प्रत्येकजण माईक हातात आला की ती विसरतो.

त्या वर्षी दीपप्रज्वलन झालं, स्वागत झालं, स्वागत करणाऱ्यांचं स्वागत झालं. मग प्रमुख पाहुणे खोब्रागडे काका "दोन शब्द" बोलायला उभे राहिले. काका निवृत्त इंजिनिअर, माणूस मनाचा चांगला, कोणाच्याही अडीनडीला गाडी घेऊन हजर. पण त्यांचे दोन शब्द चाळीस मिनिटांच्या आत कधी संपले नाहीत. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. पाच भंते समोर शांत बसलेले, त्यांच्या मागे लाओ बायकांनी पहाटेपासून रांधलेलं गार होत चाललेलं. काका करुणेवर बोलत होते. मी घड्याळ बघत होते आणि उठत नव्हते, कारण भर सभेत काकांना कोण थांबवणार?

पा बुनमी उठली. सरळ व्यासपीठावर गेली, काकांच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाली, "भंते आता जेवतील. तुम्ही नंतर बोला. विमान थांबत नाही." मग माईक बंद करून स्वतःच्या कमरेला खोचला, म्हणजे परत द्यायचा प्रश्नच नको. काका लाल झाले. भंतेंचं जेवण बाराला तीन मिनिटं कमी असताना संपलं.

नोकरी संपल्यावर तिने जाहीर केलं, "आता घरी." घरी म्हणजे लाओसमधल्या तिच्या गावी. युद्धानंतर, अठराव्या वर्षी, केळीच्या खोडाला धरून तिने नदी पार केली होती, पलीकडच्या थायलंडमध्ये छावणीत राहिली होती आणि तिथून इकडे आली होती. बहीण मागे राहिली. त्या बहिणीच्या नदीकाठच्या घरात आपण म्हातारपण काढायचं, पहाटे उठून भात शिजवायचा, भंते पिंडपाताला, म्हणजे भिक्षेला, आले की दारात बसून त्यांच्या पात्रात घालायचा, आणि तिथेच मरायचं, एवढाच तिचा बेत. तीस वर्षं ट्रे भरताना तिने दुसरा कुठलाही विचार केला नसावा. चार बॅगा भरून ती कायमची निघाली. भात वाफवायची बांबूची टोपली मला देऊन गेली. म्हणाली, "तिकडे टोपल्या खूप."

पाच आठवड्यांनी दार बडवलं गेलं. बाहेर पा बुनमी. "माझी टोपली दे."

त्यानंतर महिनाभर मी तिच्या गावाबद्दलच्या शिव्या ऐकल्या. नदीकाठी भाजीचे मळे होते तिथे कॉफीची दुकानं झाली. पोरं संध्याकाळी मोठे स्पीकर लावून कोरियन गाण्यांवर नाचतात. पोरी लुगडं फक्त शाळेत नेसतात, बाहेर पडल्या की जीन्स. घराखाली लुगडी विणायचा माग आहे, त्यावर आता कोंबड्या बसतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे नॉय. नॉय तिच्या बहिणीची नात, एकोणीस वर्षांची. पहाटे सगळं घर भात घेऊन दारात बसतं तेव्हा ही फोन उंच धरून भंतेंचा व्हिडिओ काढते, आणि लोक त्याखाली हृदयं टाकतात. एका हाताने भात, एका हाताने फोन! पा बुनमीने मला हे हाताने करून दाखवलं.

मी मान डोलवत राहिले. वर माझंही एक जोडलं. नागपूरला माझा भाचा विहारात येत नाही, दिवसभर त्या कॉफीशॉपमध्ये पडलेला असतो, मी त्याला चांगला झापला. आता आठवलं की माझाच मला राग येतो. अ‍ॅशबर्नमध्ये खिडक्या नसलेल्या, दिवसरात्र घरघरणाऱ्या इमारती आहेत, त्यातल्या एकीत मी इंटरनेटचे सर्व्हर सांभाळते. जगभरातल्या पोरांचे असलेच व्हिडिओ तिथून जातात. त्या पगारावर मी इथे घर घेतलं, आणि भाच्याला सांगते की फोन खाली ठेव. तो तेव्हा एवढंच म्हणाला होता, "मावशी, तू दोन वर्षांतून एकदा येते. तुले काय तं सगळं जुनंच पाह्यजे." मी त्याला उद्धट म्हटलं.

ती परत का आली, हे मात्र तिने सांगितलं नाही. मी विचारलं की ती वाट्या सरळ करायला लागायची.

ते कळलं खोब्रागडे काकांमुळे. काका बौद्ध देशांची सहल करून आले. थायलंडमधून पूल ओलांडून तीन दिवस लाओसलाही गेले, नेमके पा बुनमीच्याच गावी. आल्यावर त्यांनी विहारात एका रविवारी फोटो दाखवायचं ठरवलं. या खेपेस भंतेंचं जेवण आधी उरकून घेतलं, काका तेवढं शिकले होते. पा बुनमी मागे भांडी पुसत होती. तिचं गाव भिंतीवर दिसायला लागलं तशी ती फडकं हातात घेऊन पुढे आली आणि माझ्या शेजारी बसली.

पहिले फोटो देवळांचे, नदीचे. मग काकांचा आवाज चढला. "आता हे बघा. भिक्षू पिंडपाताला निघालेत, केवढं पवित्र दृश्य. आणि ही पोरगी काय करतेय? मोबाईल! नेक्स्ट. ही बघा, सकाळी सातलाच जीन्स घालून स्कूटरवर. डोक्यावर ना हेल्मेट, ना अंगावर त्यांचं ते पारंपरिक वस्त्र. मी तीन दिवस ऑब्झर्व्ह केलं. मॉडर्न लाईफने ही पिढी खाऊन टाकली हो! अडीच हजार वर्षांचे संस्कार, आणि एका फोनपुढे संपले."

सभागृहात सगळे च् च् करू लागले. मीही केलं. मैत्री माझ्या कानाशी पुटपुटली, "मॉम, दॅट्स लिटरली यू." मी तिला डोळे वटारले.

मैत्रीने इंग्रजीत कुजबुजून काकांचं बोलणं पा बुनमीला सांगितलं. तिचा चेहरा हळूहळू घट्ट होत गेला. ते सगळे शब्द तिचेच होते. महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात तिने हेच म्हटलं होतं, आणि आता एक कोट घातलेला परका माणूस तीन दिवसांच्या भांडवलावर तेच म्हणत होता. ती उभी राहिली.

"तिचं नाव काय?"

काका गोंधळले. "कोणाचं?"

"स्कूटरवरच्या मुलीचं. फोटो काढलास. नाव विचारलंस?"

"नाही, म्हणजे, मॅडम, मुद्दा असा आहे की..."

"कुठे चालली होती ते विचारलंस? ती कामाला चालली होती. सकाळी सातला कोण मजा करायला जातं?" तिने फडक्याचा हात भिंतीकडे केला. "मी तिच्या वयाची होते तेव्हा या रस्त्यावरून मी अनवाणी पाण्याच्या घागरी आणायचे. तेव्हा तू यायला हवं होतंस. चांगला फोटो आला असता."

कोणीतरी हसलं. बुद्धमूर्तीच्या शेजारी आम्ही आमच्या बापाचा फोटो ठेवला होता, निळ्या कोटातला, प्रत्येक आंबेडकरी घरात असतो तो. तिने त्याच्याकडे बोट दाखवलं. "दर वर्षी तुम्ही याला हार घालता. याने टाय घातलाय. हा इंग्रजी शिकला, जहाजात बसून इथे शिकायला आला. याला कोणी म्हणालं होतं का, की तुझ्या आजोबांसारखे कपडे घाल?"

एकही टाळी वाजली नाही. टाळी वाजवायची लायकी आमच्यातल्या एकाचीही नव्हती. आमचे आजे-पणजे कसे कपडे घालायचे, कोणाच्या हुकमाने घालायचे, हे आम्ही विसरलो होतो आणि एका लाओ बाईला आम्हाला ते आठवून द्यावं लागलं.

मला वाटलं ती आता बसेल. ती बसली नाही. आवाज मात्र खाली आला.

"माझ्या घरी अशीच एक मुलगी आहे. नॉय. तिला एका हॉटेलात मुलाखत होती. सकाळी आठला, गावाच्या दुसऱ्या टोकाला. ती स्कूटर काढत होती. मी म्हटलं, भंते अजून यायचेत, आधी बस, त्यांना भात घाल. ती म्हणाली, उशीर होईल. मी किल्ली काढून घेतली. ती म्हणाली, तू निघून गेलीस, आम्ही इथे राहिलो, आता तू आम्हाला शिकवू नकोस." तिने हातातल्या फडक्याची घडी घातली. "मी किल्ली नदीत फेकली."

तिने ती घडी पुन्हा उलगडली.

"ती धावत गेली. चार किलोमीटर. पोचली तेव्हा साडेआठ झाले होते. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बहीण म्हणाली, तू परत जा." तिने काकांकडे पाहिलं. "तीस वर्षं मी सगळ्यांना सांगितलं, विमान थांबत नाही. आणि तिचं विमान मी माझ्या हाताने घालवलं. मी मूर्ख. तूही मूर्ख. पण तू फोटो बंद करून घरी जाशील."

काकांनी प्रोजेक्टर बंद केला. त्यांच्याबद्दल एवढं सांगितलं पाहिजे की ते तिच्याजवळ गेले, खाली मान घालून "सॉरी, ताई" म्हणाले आणि त्या दिवशी ते समारोपाचे दोन शब्द बोलले नाहीत.

ती पुन्हा जाणार, हे मला तेव्हाच कळलं. पण बहिणीने फोनवर सांगितलं होतं, नॉय हो म्हणाली तर ये. आणि नॉय फोनच घेत नव्हती. उन्हाळाभर पा बुनमी रोज सकाळी फोन लावायची आणि पलीकडून कोणी उचलायचं नाही. मग ती येऊन माझ्यावर चिडायची. "एवढ्या इमारती बांधल्या तुम्ही. आणि एका मुलीपर्यंत पोचत नाही!"

एक दिवस ती मैत्रीला म्हणाली, "हेल्मेट शोध. मजबूत. लाल." मी म्हटलं, तिकडे हेल्मेट मिळत नाहीत का? "मिळतात. कागदाची." मग मैत्रीने माप विचारलं. नॉयच्या डोक्याचं माप कोणालाच माहीत नव्हतं. मैत्रीने भंतेंच्या पिंडपाताचा तो व्हिडिओ शोधून काढला, त्यावरून नॉयचं खातं शोधलं, आणि पा बुनमीला न विचारता तिला लिहिलं की तुझ्या बुनमी आजीला तुझ्यासाठी हेल्मेट घ्यायचंय, साईझ काय?

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं. नमस्कार नाही, नाव नाही, फक्त आकडा. छप्पन.

मैत्रीने फोन पा बुनमीपुढे धरला. ती खूप वेळ तो आकडा बघत राहिली. डोळे पुसले, आणि मग मैत्रीवरच खेकसली, "बघत काय बसलीस? मागव!"

बहिणीने तो आकडाच होकार मानला. विमानतळावर मी तिला सोडायला गेले. या वेळी बॅग एकच होती. हेल्मेट तिने सामानात टाकलं नाही, चेपलं जाईल म्हणून. पासपोर्ट काढायला हात मोकळे हवेत तर ते डोक्यावरच चढवलं. अंबाड्यामुळे ते टेकत नव्हतं, वरच्या वर डुगडुगत होतं. लुगड्यातली एवढीशी म्हातारी, डोक्यावर लालभडक हेल्मेट, आणि पुढच्या माणसाला बूट काढायला वेळ लागतोय म्हणून त्याच्या पाठीमागे धुसफुसतेय. लोक वळून बघत होते. एका पोराने फोटोही काढला. मला वाटलं, धावत जावं आणि त्याला विचारावं, नाव माहीत आहे का तिचं?

"काय बोलणार आहेस नॉयला?" ती रांगेत शिरताना मी दोरीच्या अलीकडून विचारलं होतं.

"काही नाही. आधी ती बोलेल. मी ऐकेन." मग कपाळाला आठी घालून, "नाही बोलली तर थांबेन."

तिच्या तोंडून थांबायचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तपासणीच्या पट्ट्यापाशी अधिकाऱ्याने तिला हेल्मेट काढायला सांगितलं. तिने करडा ट्रे ओढला. आधीच्या कोणीतरी त्यात कागदाचा बोळा ठेवला होता, तो उचलून बाजूला टाकला. हेल्मेट बरोबर मधोमध ठेवलं, काच वर, पट्टे दुमडून आत. चप्पल डावीकडे, पासपोर्ट उजवीकडे. मागची माणसं खोळंबली होती. तिने एकदा सगळं नीट आहे का पाहिलं, पट्टा जरासा सरळ केला आणि दोन बोटांनी तो ट्रे पुढे ढकलला. मग अनवाणी त्याच्यामागे चालत गेली.